स्ट्रॉबेरी: जात बघून घ्यायची की गाडीवाला बघून?

जुळेसोलापूरची_आजी
जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आटोपली की आमच्याकडं सोलापुरात स्ट्रॉबेरीच्या गाड्या वाढतात. यंदा म्हटलं, जरा डोकं लावून घेऊ. रविवारी तीन ठिकाणांहून तीन डबे आणले. एक शेतकरी बाजारातून, पाचगणीकडच्या पोरानं सांगितलं ‘विंटर डॉन’. दुसरा लक्ष्मी मंडईतून, ‘कामारोझा’. तिसरा सात रस्त्याच्या गाडीवरून. त्याला जात विचारली तर म्हणाला, “आजी, महाबळेश्वर आहे, खाऊन तर बघा.”

घरी तीन बश्या केल्या आणि कुठली कुठं ते न सांगता ह्यांना आणि नातवाला चाखायला बसवलं. कामारोझा कापली तरी आतपर्यंत लाल, पण दात आंबले. विंटर डॉन बरी, ना धड गोड ना आंबट. आणि ती बिननावाची सगळ्यात गोड! नातवानं बशी चाटून ठेवली. पण डब्याचा खालचा थर काढला तर सहा फळांना बुरशी. वरच्या थरात एकाला नाही, बघा हुशारी.

आता जामसाठी दोन किलो घ्यायचीय. कुणाकडून घेऊ?

बोरंखाऊ
काय सांगालाव आजी! दारात बोरांचे ढीग लागलेत अन् तुम्ही घाटावरचं फळ शोधताय. पाव किलो स्ट्रॉबेरीच्या पैशात पिशवीभर बोरं येतात की.

वाईची_लेक
माझ्या माहेरी स्ट्रॉबेरीच आहे, म्हणून सांगते. आजी, कामारोझाला नापास करू नका. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी आढीत पिकत नाही. खुडल्यावर रंग चढेल, गोडी चढत नाही. लांबचा माल असला की व्यापारी पाऊण रंगावरच खुडायला सांगतात, नाहीतर रात्रभराच्या प्रवासात लगदा होतो. कामारोझा मुळात टणक, प्रवास सोसणारी, म्हणून तीच अशी लवकर खुडली जाते. स्वीट चार्ली तिच्यापेक्षा गोड, पण मऊ. ती बांधावर उभं राहून खायची, सोलापूरपर्यंत फार थोडी धड पोचते.

तुमच्या गाडीवाल्याचा माल बहुतेक पुरता पिकलेला होता. गोड त्यामुळं, आणि बुरशीही त्यामुळंच.

घेताना देठाची पानं उचलून बघा. खाली पांढरा पट्टा असेल तर कच्ची खुडलेली. डबा उलटा करून तळ बघायचा, लाजायचं नाही. आणि घरी आणल्या आणल्या धुऊ नका, खायच्या वेळी धुवा, तेही देठासकट.

जामला मात्र ती आंबटच घ्या. थोड्या कच्च्या फळात पेक्टिन जास्त असतं, आंबटपणाही लागतो, म्हणून जाम चांगला धरतो. नुसत्या गोड पिकलेल्याचा पाक होऊन बसतो.

गच्चीवाला
विजापूर रोडला गच्चीत बारा रोपं लावली होती. डिसेंबर-जानेवारीत फळं आली, एकूण मोजून एकोणीस. फेब्रुवारी सरता सरता आपलं ऊन सुरू झालं आणि फुलं करपली. कुठली जात होती ते नर्सरीवाल्यालाही माहीत नव्हतं. एकोणिसातली अकरा बुलबुलांनी खाल्ली.

जुळेसोलापूरची_आजी
वाईच्या ताई, ऐकलं तुमचं. बुधवारी मंडईत जाऊन डबे उलटे केले. विकणारी बाई म्हणाली, “आजी, सोनं घेतंय का?” दीड किलो कामारोझा घेतली, जाम केला, लिंबू पिळायचीसुद्धा गरज पडली नाही. सात रस्त्यावरून एक डबा नातवाला खायला आणला. ह्यावेळी तळ बघून, आणि घरी आल्याबरोबर संपवला.

बोरंखाऊ, बोरंही आणली, रुसू नका.

एकच घोटाळा झाला. बरणी कमी पडली म्हणून शेंगाचटणीची रिकामी बरणी घेतली. दोनदा धुतली, उन्हात वाळवली, तरी हे म्हणतात जामला लसणाचा वास येतोय. नातू मात्र भाकरीला लावून खातोय.