मदत हवी आहे: तळलेल्या चकलीची जीएम तांदूळ चाचणी मुंबईत कुठे होते?

नमस्कार मंडळी. गोरेगावात आमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. तांदळाची चकली आणि मोदकाचं पीठ जर्मनीला पाठवायचं ठरतंय, पण तिथल्या व्यापाऱ्याने जीएम (जनुकीय बदल केलेला) तांदूळ नसल्याचा रिपोर्ट मागितलाय. भारतात अशा तांदळाची व्यावसायिक लागवड होत नाही, हे सांगून झालं. पण २०२१ मध्ये युरोपात भारतीय कणीच्या पिठात जीएम तांदूळ आढळल्याचा इशारा निघाला होता, आणि आमचं पीठही वाशीच्या बाजारातल्या कणीचंच. त्यांची काळजी मला रास्तच वाटते.

एका लॅबने फक्त ३५एस (अनेक जीएम पिकांत घातलेला डीएनएचा तुकडा) बघणारी पीसीआर, म्हणजे डीएनए शोधणारी चाचणी, सुचवली. पण चीनचा बीटी६३ हा जीएम तांदूळ तिच्यातून सुटतो, कारण त्यात ३५एस नसतो. नॉस आणि क्राय१एबी/एसी हे त्यात घातलेले तुकडेही बघायला हवेत ना? शिवाय कढईतून निघालेल्या चकलीत डीएनएचे इतके तुकडे झालेले असतात की नुसत्या ‘आढळले नाही’ या शेऱ्यावर माझा भरवसा बसत नाही. तपासण्याजोगा डीएनए उरला होता हे कळायला, तांदळाचं स्वतःचं जनुक नमुन्यात सापडलं का, हेही रिपोर्टात लिहून देणारी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त लॅब मुंबई-ठाण्यात कोणाला माहीत आहे का? नमुना कच्च्या पिठाचा द्यावा की पीठ आणि चकली दोन्हींचा? गोण्यांमधून तो कसा काढता?

दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात, अनुभव असेल तर कृपया लवकर कळवा.