घाणेरी, रविवार आणि गुलमोहर (भरकटलेला धागा)

पहार_आणि_टिकाव (धागाकर्ता)
परवा दुसऱ्या धाग्यावर घाणेरीबद्दल (लॅन्टाना, बाहेरून आलेलं आणि रान भरून पसरणारं काटेरी झुडूप) एकाने लिहिलं होतं, "रविवारी पन्नास जण जमलो तर दोन महिन्यांत मुंबईतलं आरेचं जंगल घाणेरीमुक्त. इच्छाशक्ती हवी फक्त." खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढला.

चार वर्षं हे करतोय. पहिल्या रविवारी आम्ही पस्तीस जण होतो. कोयत्याने सपासप छाटली, फोटो काढले, वडापाव खाल्ला, घरी. जुलैत जाऊन बघतो तर एकेका बुंध्याला सात-आठ धुमारे! आम्ही घाणेरी काढली नव्हती, गुलाबाची करतात तशी तिची छाटणी केली होती. ती मरते मातीच्या दोन-तीन बोटं खाली मूळ तोडलं तर. शिवाय उपटलेलं झुडूप मुळं वर करून ठेवायचं, नाहीतर पडल्या जागी पुन्हा रुजतं. मग पुढचे दोन-तीन पावसाळे त्याच जागी जाऊन रोपं वेचायची, कारण पलीकडच्या कुंपणातून बुलबुल बिया आणतच असतात. ते कुंपण कुणाचं? आरेत थोडी जमीन दुग्धविकासाची, थोडी वनखात्याची, कडेला सोसायट्या. अलीकडे साफ आणि पलीकडे जाळी, मग काय उपयोग?

म्हणून पन्नास माणसं एक रविवार नकोत, सहा माणसं तीन वर्षं हवीत. आणि सगळ्या ग्रुपांचं मिळून एक वेळापत्रक. आमच्याकडे दोन पहारी पडून आहेत, दुसऱ्या ग्रुपकडे हातमोज्यांची पेटी. कोणी कोणाला विचारत नाही, प्रत्येकाला आपला बॅनर हवा.

रविवारचा_गडी
तो "एकाने" म्हणजे मीच. नाव घ्यायला लाज वाटली का? चार वर्षांत तुम्ही सहाच का उरलात, यावरही एक धागा काढा. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी तीन वर्षांची हमी मागितली की तो पुढच्या वेळी येत नाही. फोटोमुळे लोक येतात, दहातला एक टिकतो. मी तसाच टिकलो.

आजोळ_दादर
घाणेरी परदेशी म्हणून काढायची, मग गुलमोहर तरी कुठे कोकणातला? मादागास्करचा आहे. तोही उपटा! आमच्या चाळीसमोरचा गुलमोहर मी शाळेत असल्यापासून मे महिन्यात पेटलेला बघते. मुंबईत झाडांनाही आता परप्रांतीय ठरवणार?

पहार_आणि_टिकाव
ताई, वडापावातला बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेत, ते कोणी उपटत नाही. बाहेरून आलेलं आणि पसरून बाकीच्यांचा गळा दाबणारं, यात फरक आहे. गुलमोहर कधी रान भरून वाढताना बघितलात?

सुबाभूळग्रस्त
गुलमोहर सोडा, सुबाभळीवर बोला! सत्तर-ऐंशीच्या दशकात चारा, सरपण म्हणून हिचे गोडवे गायले. आता आमच्या सोसायटीच्या मागे एक झाड होतं तिथे चाळीस. शेंगा गटारात, रोपं गच्चीच्या भेगेत. तोडायचं तर १९७५ च्या झाड कायद्याप्रमाणे परवानगी हवी. अर्ज घेऊन मी तीन कचेऱ्या फिरलो, एका साहेबांनी विचारलं, "झाड तुमचं काय बिघडवतंय?" काय सांगू, माझं डोकं!

कारवाला_मुलुंड
गुलमोहर "गळा दाबत नाही"? गेल्या पावसात आमच्या गाडीवर आख्खी फांदी आली. विम्यासाठी दोन महिने हेलपाटे. ठिसूळ लाकूड, उथळ मुळं, आणि कविता करायला मोकळे.

आजोळ_दादर
मुळांभोवती सिमेंट ओतलं तर वडही पडेल. गाडी झाडाखाली लावायला कुणी सांगितलं होतं?

कारवाला_मुलुंड
मुंबईत पार्किंगला जागा दाखवा, तिथे लावतो.

शॉर्टकट
एवढं कशाला? तणनाशक मारा, आठवड्यात साफ.

पहार_आणि_टिकाव
२०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्लायफोसेट (हेच ते तणनाशक) फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच वापरायचं, कोणीही पंप पाठीला लावून फिरायचं नाही. आणि खाली पाड्यातल्या विहिरी आहेत.

पाड्यावरचा
विहीर आठवली, बरं झालं. मी आरेतल्या पाड्यात राहतो. तुम्ही दोघे, पहारवाले आणि रविवारवाले, भांडताय, तुमची दोघांची माणसं आमच्या मागच्या उतारावर येऊन गेलीत. कारवी (आठ वर्षांनी एकदाच फुलणारं इथलं झुडूप) २०२४ ला फुलली आणि मेली. पुढच्या पावसात खाली रोपं आली, वीतभर. कारवीचं पान खरखरीत, कातरलेलं, समोरासमोर. घाणेरीचंही तसंच. एका रविवारी टोप्या घातलेली मंडळी आली आणि दोन्ही उपटून ढीग लावून गेली. त्या कारवीच्या काठ्यांवर आमच्या घराच्या भिंती उभ्या राहायच्या. आता ती फुलायची ती २०३२ ला, उरली असेल तर.

पान चुरगळून वास घ्यायचा. घाणेरी उगाच घाणेरी नाही. खोड चौकोनी, बारीक काटे. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं, पण आम्हाला कोणी विचारत नाही. माझी आई बांधावर बसून बघत होती, तिला मंडळींनी "मावशी, बाजूला व्हा" सांगितलं.

रविवारचा_गडी
ही आमची मंडळी नसावीत.

पाड्यावरचा
टोप्या हिरव्या होत्या.

रविवारचा_गडी
...मग आमचीच. मी त्या दिवशी नव्हतो, पण ते काही उत्तर नाही.

सुबाभूळग्रस्त
पवईत जलपर्णीचंही हेच. यंत्रं लावून काढायची, पाणी जरा दिसलं की फोटो. सांडपाणी तलावात येतच राहतं, ते खाऊन ती पुन्हा पसरते. नळ चालू ठेवून फरशी पुसायची. असो, माझ्या सुबाभळीचं काय?

पहार_आणि_टिकाव
पाड्यावरचे, तुमचं सगळं मान्य, आणि चार वर्षांत मीही तुमच्याकडे विचारायला आलो नाही, हेही. रविवारवाल्यांचं "नवीन माणसाला घाबरवू नका" हे थोडं बरोबर आहे. थोडंच.

रविवारचा_गडी
उपकार झाले. मी कोयते घरी ठेवायला सांगतो, तुम्ही पहारी आणा. फोटो मात्र काढणार.

पाड्यावरचा
साडेसहाला या, ऊन चढायच्या आत. आधी आई दाखवेल ती झाडं बघायची, मग हात लावायचा. पाण्याच्या बाटल्या परत न्यायच्या.

कारवाला_मुलुंड
मीही आलो असतो, पण तिथे गाडी कुठे लावायची?

आजोळ_दादर
गुलमोहराखाली.