चिंक्वे तेर्रेहून कोणती वाईन आणू? (बजेट ५० युरो, सल्ला हवाय)

स्वरगंगा
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं श्टुटगार्टहून इटलीत ला स्पेत्सियाला चाललोय, मुक्काम तिथेच, आणि रोज ट्रेनने चिंक्वे तेर्रेची पाच गावं करायची. दिवाळीत पुण्याला जायचंय आणि माझे दाजी वाईनमधले दर्दी आहेत, नाशिकच्या बहुतेक वायनऱ्या पालथ्या घातल्यात त्यांनी, तर त्यांच्यासाठी तिथलं खास काहीतरी न्यायचंय जे पुण्यात मिळणारच नाही. वाचताना शाकेत्रा नावाच्या गोड वाईनचं नाव सारखं येतंय पण किंमत बघून पोटात गोळा आला. एकूण बजेट ५० युरो, त्याच्या वर नाही. आम्ही दोघंही शाकाहारी, त्यामुळे तिथे काय खाताना कुठली वाईन घ्यावी तेही सांगा. आणि खरेदी कुठल्या गावात करावी?

खमंग
शाकेत्राच घ्या, दुसरा विचारच नको. आम्ही मानारोलाच्या एका छोट्या उत्पादकाकडून घेतली होती, ३७५ मिलीची बाटली ८५ युरो. रंग असा अंबरासारखा, वास जर्दाळू आणि मधाचा, आणि गोड असून शेवटी जिभेवर खारट झाक राहते ती दुसऱ्या कुठल्याच गोड वाईनला नाही. ५० मध्ये आयुष्यभराची आठवण येत नाही हो, बजेट थोडं वाढवा. सोबत मोंतेरोस्सोच्या अँचोव्हीज खाल्ल्याशिवाय येऊ नका!

स्वरगंगा
खमंग, धन्यवाद पण बजेट खरंच ५० आहे, आणि अँचोव्ही म्हणजे मासे ना, आम्ही शाकाहारी आहोत.

नाशिककर
नाव विकलं जातंय तिथे. पाचही गावांत बाटलीमागे पाच-सात युरो नुसते त्या नावाचे. ला स्पेत्सियाला राहताय ना, मग तिथून पूर्वेला सार्झाना, कास्तेलनुओवो माग्रा हा भाग जवळच आहे, कोल्ली दी लुनी म्हणतात, तिथली वेर्मेंतिनो ही पांढरी वाईन घ्या. द्राक्ष तेच, जमीन सोपी, ट्रॅक्टर जातो, त्यामुळे पंधरा युरोत जी बाटली मिळते तिच्यासाठी चिंक्वे तेर्रेत पंचवीस मोजाल. आम्ही सहा बाटल्या आणल्या, एकही वाईट निघाली नाही. दर्दी माणसाला नाव नाही, चव लागते.

मिलानवाला
नाशिककर, वेर्मेंतिनो कोल्ली दी लुनीची चांगली असते हे मान्य, पण "द्राक्ष तेच" हे बरोबर नाही. चिंक्वे तेर्रेच्या पांढऱ्या वाईनमध्ये मुख्य द्राक्ष बोस्को, नियमानुसार किमान ४० टक्के, आणि त्याच्या जोडीला आल्बारोला आणि वेर्मेंतिनो. बोस्को त्या किनाऱ्याबाहेर जवळजवळ कुणी लावतच नाही. वेर्मेंतिनो सुगंध देतं, आल्बारोला नाजूकपणा, पण अंग आणि तो खारेपणा बोस्कोचा. दाजींनी वेर्मेंतिनो कुठे ना कुठे चाखली असणार, सार्डिनियाची तर सगळीकडे मिळते. बोस्को नक्की चाखली नसणार.

घाटमाथा
चिंक्वे तेर्रे ओव्हररेटेड आहे असं माझं स्पष्ट मत. गर्दी इतकी की फलाटावर उभं राहायला जागा नसते. समुद्रकाठची वाईनच हवी तर अमाल्फीला जा, फुरोरे गावात मारिसा कुओमो वायनरीची फियोर्दुवा नावाची वाईन, तिच्यात फेनिले, जिनेस्त्रा आणि रिपोली अशी तिथलीच तीन द्राक्षं, कड्यावर वेली. आम्ही ती तिथे बसून प्यायलोय. त्यापुढे बाकी सगळं फिकं.

स्वरगंगा
घाटमाथा, तिकिटं ला स्पेत्सियाची काढून झालीयेत.

पिवळा_चाफा
अगं काहीही घे पण पॅकिंग नीट कर. माझी बाटली चेक-इन बॅगेत फुटली, साड्यांची वाट लागली आणि विमान कंपनीने हात वर केले, नाजूक वस्तूची जबाबदारी आमची नाही म्हणे. हवा भरायच्या बाटलीच्या पिशव्या मिळतात त्या इथूनच घेऊन जा, बाटली बॅगेच्या मधोमध ठेव, चारी बाजूंनी जाड कपडे, कडेला कधीच नाही. आणि भारतात माणशी दोन लिटर दारू ड्यूटी न भरता नेता येते, म्हणजे दोन मोठ्या बाटल्या आणि एक ३७५ मिलीची बरोबर बसते. हँडबॅगेत तर बहुतेक विमानतळांवर नेऊच देत नाहीत, १०० मिलीचा नियम.

कूपनलिका
कूपमधून घ्या, सगळ्यात स्वस्त. ला स्पेत्सियात आहे, लेवांतोतही आहे.

खमंग
सहमत, कूपमध्ये स्वस्त मिळते असं आम्हालाही हॉटेलवाल्याने सांगितलं होतं.

मिलानवाला
एक मिनिट, इथे घोळ होतोय. कूप हे सुपरमार्केट आहे. हॉटेलवाला बहुतेक सहकारी वायनरीबद्दल सांगत असणार, ती वेगळी. ती मानारोलाच्या वर ग्रोप्पो नावाच्या वस्तीत आहे, पाचही गावांतल्या शेतकऱ्यांची. मानारोलाहून वोलास्त्राकडे जाणारी छोटी हिरवी बस तिथूनच जाते. चाखून बघता येते, आणि गावातल्या दुकानांपेक्षा भाव बरे.

कूपनलिका
मी सुपरमार्केटच म्हणत होतो. पण ठीक आहे.

तासगावकर
शाकेत्राबद्दल उत्सुकता वाटून थोडं वाचलं, कारण आमच्या घरात बेदाण्याचा धंदा. आपल्याकडे थॉमसन द्राक्षं डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर टाकतात, सावलीत साधारण पंधरा दिवसांत बेदाणा तयार. ते लोक काहीच लावत नाहीत. निवडक घड हवेशीर खोलीत सावलीला ठेवायचे आणि १ नोव्हेंबरच्या आधी पिळायचे नाहीत असा नियमच आहे. म्हणजे दीड-दोन महिने रोज बघायचं, बुरशी धरलेला मणी काढून टाकायचा. नुसत्या वाऱ्यावर एवढे दिवस माल टिकवायचा म्हणजे काय हे शेडवर राबलेल्यालाच कळेल, आमच्याकडे एक अवकाळी पाऊस आला तर रात्रभर झोप नसते. शंभर किलो द्राक्षांतून पस्तीस लिटरच्या वर वाईन काढायला परवानगी नाही. मग वर्षभर थांबायचं, रिझर्वा म्हणजे जास्त मुरवलेली असेल तर तीन वर्षं. त्यामुळे ८५ युरो महाग म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, माझ्या मते ती स्वस्त आहे.

नाशिककर
कष्ट आहेत म्हणून चव चांगली असं होत नाही ना. गिऱ्हाईक ग्लासातलं पितो.

मिलानवाला
तासगावकर, फार छान लिहिलंत. नाशिककर, ग्लासातलं कुठून येतं ते बघितल्याशिवाय तिथल्या भावावर बोलू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा लांब लिहितोय. ओळखीच्या एका कुटुंबाकडे रिओमाज्जोरेच्या वर द्राक्षतोडणीला मदतीला गेलो होतो. वेलींचा मांडव जेमतेम कमरेएवढा, समुद्राचा खारा वारा लागू नये म्हणून मुद्दाम बुटका, त्यामुळे तोडणी गुडघ्यावर बसून, कधी सरपटत, घड डोक्याच्या वर आणि पानांतून माती डोळ्यांत. डोंगरउतारावर पायऱ्यांसारख्या शेताच्या पट्ट्या, एकीवरून दुसरीवर जायला भिंतीतूनच बाहेर काढलेले दगड, त्याच पायऱ्या. क्रेट भरले की एका रुळाच्या दातेरी गाडीत ठेवायचे, ती फटफट करत उभ्या चढाने वर जाते, घसरेल असं वाटत राहतं. जिथे तो रूळ नाही तिथे क्रेट खांद्यावर. ट्रॅक्टरचा प्रश्नच नाही.

आणि या पट्ट्या धरून ठेवणाऱ्या भिंती. सिमेंटचा कण नाही, नुसते दगडात दगड बसवलेले, म्हणजे पावसाचं पाणी फटींतून निघून जातं. भिंतीला पोट सुटलं की लगेच उतरवून पुन्हा रचायची, नाहीतर पुढच्या मोठ्या पावसात ती खालच्या दोन घेऊन जाते. घरातली तरुण मुलं ला स्पेत्सियाला नोकरीला गेली आणि निम्म्याहून जास्त पट्ट्या पडीक झाल्या, त्यांवर आता झाडोरा. २५ ऑक्टोबर २०११ ला वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत पुराने जो चिखल-दगड आला त्यानंतर तिथल्या लोकांनी हेच सांगितलं, की राखलेली शिवारं पाणी धरतात, सोडलेली सुटतात. १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत हा भाग गेला तो या माणसांनी रचलेल्या डोंगरामुळे. तिथली बाटली घेतली तर ते पैसे भिंत रचणाऱ्याकडे जातात. समोरच्या बारमध्ये फोटो काढत कुठलीतरी बिअर प्यायली तर जात नाहीत.

पिवळा_चाफा
माहिती छान पण तिच्या प्रश्नाचं काय? ५० युरोत काय घ्यायचं ते सांगा की.

मिलानवाला
हो. ५० मध्ये सहकारी वायनरीची शाकेत्रा, छोटी बाटली, बसते. तीच घ्या. साधी पांढरी तिथेच प्या, बासिल पेस्तोच्या त्रोफिएबरोबर (पिळदार पास्ता) किंवा अक्रोडाच्या सॉसमधल्या पान्सोत्तीबरोबर (सारण भरलेला पास्ता), दोन्ही मांस-माशाशिवाय, फक्त चीज असतं, आणि पान्सोत्तीत बहुधा अंडंही. हरभऱ्याच्या पिठाची गरम फारिनाताही. पांढरी महिनाभर ठेवून पुण्याला नेऊ नका, तिची मजा ताजेपणात.

लिंबूटिंबू
शाकाहारी आहात तर वाईन गाळायला अंड्याचा पांढरा भाग किंवा माशांपासून केलेला पदार्थ वापरतात हे माहीत आहे ना? लेबलवर व्हीगन लिहिलेलं बघून घ्या.

घाटमाथा
इतकं बघत बसलं तर पाणीही प्यायला नको.

लिंबूटिंबू
ज्याला पाळायचं त्याने पाळावं, माहिती देण्यात काय चूक आहे? बेंटोनाइट मातीनेही वाईन नितळ करतात, विचारलं की सांगतात.

नाशिककर
गोड वाईन दिवाळीत? चिरोटे, अनारसे, बेसनाचे लाडू आणि वर शाकेत्रा? विचार करा. माझं मत कायम, कोल्ली दी लुनी.

खमंग
शाकेत्रा. बजेट वाढवा.

कूपनलिका
मिलानवाला म्हणतात तेच, पांढरी तिथेच प्यायची, न्यायची नाही.

स्वरगंगा
मंडळी, जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं वाचून गेले होते म्हणून डोळे उघडे ठेवून बघता आलं.

पहिल्या दिवशी वोलास्त्राला बसने जाऊन तिथून कोर्निलियापर्यंत वेलींमधून चालत गेलो, ही वाट जाणार असाल तर चुकवू नका, एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला सरळ खाली समुद्र. तोडणी बहुतेक उरकली होती, एका ठिकाणी दोन म्हातारे ढासळलेली भिंत रचत होते. एक जण दगड हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होता, बसेना, बाजूला ठेवला, दुसरा उचलला, आणि आम्ही पाणी पिऊन उठेपर्यंत त्याचे तीनच दगड लागले होते. मिलानवाला यांचं लिहिलेलं तिथे समजलं.

ग्रोप्पोला वायनरीत शाकेत्राचा छोटा ग्लास घेतला, दोघांत एक. अप्रतिम आहे, खमंग म्हणाल्या तसंच. पण न्यायला घेतली नाही. नाशिककरांचं फराळाबद्दलचं पटलं, आणि मुख्य म्हणजे दाजींना गोड वाईन चमचाभर पुरते, बाटली कपाटात पडून राहील.

त्याऐवजी पांढऱ्याच दोन घेतल्या, इथे सगळे नको म्हणत असताना. त्यांच्याकडे वेगवेगळ्या उतारांच्या वेगळ्या बाटल्या करतात, मी कोस्ता दे सेरा आणि कोस्ता दा पोसा घेतल्या. गाव शेजारी, वायनरी एक, मुख्य द्राक्ष बोस्कोच, फक्त उतार बदलतो. दोन्ही तिथे चाखल्या आणि फरक मलाही कळला, पहिलीत लिंबू आणि मीठ जास्त, दुसरी जरा भरीव, रानातल्या झुडपांचा वास असलेली. दाजींसमोर दोन्ही एकदम उघडायच्या. दोन्ही मिळून चाळीसच्या आसपास, उरलेल्यात तो ग्लास. महिनाभरात खराब होईल का ते तिथल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या उन्हात आणि गरम गाडीत ठेवू नका, बाकी दोन वर्षं काही होत नाही. इथे तळघरात आडव्या ठेवल्यात. लिंबूटिंबू, गाळणीचंही विचारलं, या दोन्हींत अंडं-मासा काही नाही म्हणाल्या.

नाशिककर
पन्नास युरोत लुनीच्या तीन आल्या असत्या. असो. दाजी काय म्हणाले ते लिहा.

तासगावकर
द्राक्षं वाळवायची खोली बघायला मिळाली का? फोटो असेल तर टाका, घड टांगून ठेवतात की जाळीवर?

स्वरगंगा
तासगावकर, आत सोडलं नाही पण दारातून दिसलं, एकावर एक रचलेल्या जाळ्या, घड एकमेकांना न लागता सुटे मांडलेले, खिडक्या उघड्या आणि एक बाई खाली वाकून खराब मणी कात्रीने काढत होत्या. फोटो अंधुक आलाय, संध्याकाळी टाकते.