अनुभव धागा: जुवाखालचा बैल

हंगाम तोंडावर आलाय. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी सगळेच करतात, हळद-तूप चोळून 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणतात. हा धागा उरलेल्या दिवसांसाठी. ऊस वाहणाऱ्या बैलाबद्दल ज्याला जे नेमकं ठाऊक आहे ते लिहा. गहिवर नको, तपशील हवा.

जू-गाडीवाला सुतार

खांदा सुजला की लोक मलम विचारत येतात. आधी जू (बैलांच्या खांद्यावरचं आडवं लाकूड) बघा. खांद्यावर टेकणारी बाजू डोळे मिटून हाताने चाचपायची. गाठ, कंगोरा, चीर लागली की रंधा मारून वर पॉलिश पेपर. बैठक जितकी रुंद आणि गोलसर, तितका भार पसरतो. जोडी उंचीला विजोड असेल तर जू तिरकं बसून एकाच खांद्यावर घासतं, मग कितीही तासा.

मोळ्या पुढे जास्त रचल्या तर सगळं ओझं खांद्यावर; मागे गेल्या तर गाडी उलार होते (मागे कलते), जू वर उचललं जातं आणि जुपणी (जू गळ्याशी बांधणारा पट्टा) गळ्याला करकचते. चढाला हमखास. जुपणी आणि गळा यांत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जुवाला सायकलची ट्यूब गुंडाळायची पद्धत सोडा. आत घाम साचतो, कातडी भिजते आणि सोलवटते.

गुरांचा डॉक्टर

ताजी सूज गरम आणि दुखरी असते. पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याच्या घड्या, त्यानंतर शेक आणि मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट)-ग्लिसरीनचा लेप. मऊ पडून पू झाला असेल तर घरी ब्लेड लावू नका.

जखम उघडी असेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ (साधारण दीड लहान चमचा, सपाट) घालून धुवा. अळ्या असतील तर टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळच ठेवायचा, वर आलेल्या चिमट्याने वेचायच्या, मग पुन्हा धुणं. बोळा आत विसरला तर चांगलं मांसही भाजतं. बॅटरीची पावडर, जळकं ऑइल, चुना यांतलं काहीही नको. आणि जखमेवर गादी ठेवून जुंपणं हा इलाज नव्हे, दाब तिथेच राहतो. कातडी भरेपर्यंत खांदा मोकळा ठेवायचा.

दुखण्यावर माणसांचं डायक्लोफिनॅक टोचू नका. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे, कारण असं जनावर मेलं की ते खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही बंद झालं. त्याऐवजी मेलोक्झिकॅम मिळतं, मात्रा वजनावर ठरते, तेवढी विचारून घ्या.

नालबंद

खूर दुभंगलेला, म्हणून चार पायांना आठ पत्र्या (नाल). एक जरी पडली तरी बैल त्या पायावर भार द्यायचं टाळतो आणि दुसरा खांदा दुखवून घेतो. बैल पाडायचा तो मऊ जमिनीवर, भरल्या पोटी कधीच नाही. आडवा फार वेळ ठेवला की पोट फुगतं. खिळा मारल्यावर बैल पाय सारखा झटकत असेल तर खिळा जिवंत भागात गेलाय, लगेच काढा.

चारा बघणारा

वाढ्यांनी (उसाच्या हिरव्या शेंड्यांनी) पोट भरतं, ताकद येत नाही. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगी कॅल्शियम लागत नाही. दीड-दोन किलो पेंड, 50 ग्रॅम खनिज मिश्रण, 30 ग्रॅम मीठ रोज. पेंड एकदम वाढवू नका, आठवडाभरात चढवत न्या.

प्रश्न

पेंडेचा दर बघितलाय का? ऊसतोड टोळीवाल्याला हे सांगून काय उपयोग?

तोडणी कामगारांत काम करणारा

प्रश्न रास्त आहे. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) टनांवर फिटते, म्हणून एक मोळी जास्त चढते. गाडीवान पहाटे फडात आणि रात्री कारखान्यात गव्हाणीच्या (ऊस उतरवायच्या जागेच्या) रांगेत. त्याची झोप उडाली की पराणी (बैल हाकायची काठी) पहिली चालते. त्यामुळे बैलावर दया करा असं फक्त त्याला सांगण्यात अर्थ नाही, कारखान्याच्या शेती खात्यालाही सांगा.

ओझ्याच्या जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे दिवसात एकूण 9 तासांहून जास्त आणि सलग 5 तासांहून जास्त काम घ्यायचं नाही. पारा 37 अंशांवर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपणं बंद. अणकुचीदार आरी लावलेली पराणीही त्याच नियमांत बसत नाही.

खरा वेळ जातो तो रांगेत. तिथे धुऱ्याला (गाडीच्या पुढच्या दांड्याला) टेकू लावून बैल सोडायचे. जुवाखाली उभा बैल विसावत नाही. गाडीतळावर सावली आणि हौद मागून घ्या. कामाच्या दिवशी उन्हाळ्यात एका बैलाला 50-60 लिटर पाणी लागतं, म्हणजे शंभर जोड्यांना 10-12 हजार लिटर. एक टँकर दाखवून भागत नाही. तोंड उघडून जीभ बाहेर काढून धापा टाकत असेल तर सावलीत घ्या, डोक्यावर-मानेवर पाणी ओता आणि 1962 ला (जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला) फोन लावा.

गुरांचा डॉक्टर

ताप आधी मोजा. गुदद्वारात थर्मामीटर, दोन मिनिटं. 38 ते 39 अंश ठीक. कामावरून आल्या आल्या मोजलं तर जास्तच दिसतं, म्हणून अर्धा तास सावलीत उभा करून पुन्हा मोजा. तेव्हाही 40 च्या वर असेल तर दुसऱ्या दिवशी जुंपायचा नाही.