मदत हवी आहे: आमवात झालेल्या लाइनमनला हलके काम मिळवण्याबाबत

मी शासकीय वीज कंपनीत १४ वर्षे लाइनमन आहे. दोन वर्षांपूर्वी मला रुमॅटॉइड आर्थरायटिसचे, म्हणजेच आमवाताचे निदान झाले. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक ॲसिड आणि रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू असून रक्ततपासण्या वेळेवर होतात. त्यामुळे काढे, तेले कृपया सुचवू नयेत, ती घरच्यांनी भरपूर सुचवली आहेत. सांध्यांची सूज बरीच उतरली आहे, परंतु सकाळी दीड तास बोटे आखडलेली असतात आणि बिघाडाचे फोन नेमके पहाटे येतात. गेल्या पावसाळ्यात खांबावर चढण्यापूर्वी कमरपट्ट्याचे बक्कल मला दातांनी ओढावे लागले, आणि वर गेल्यावर पक्कड मुठीत मिटेना.

उपकेंद्रात बदली मिळावी म्हणून मी दोनदा लेखी अर्ज केला. कार्यालय अपंगत्वाचा दाखला मागते. तपासणीच्या दिवशी नेमका त्रास कमी असल्याने दाखल्यावर ४० टक्क्यांपेक्षा कमी प्रमाण आले. नोकरी सोडणे किंवा पगार कमी होणे परवडणारे नाही.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर सामावून घेता येते. हे संरक्षण ४० टक्क्यांखालील व्यक्तीला प्रत्यक्षात मिळाल्याचा कोणाला अनुभव आहे का, आणि संधिवाततज्ज्ञांच्या पत्रात कामाच्या मर्यादा नेमक्या कोणत्या शब्दांत लिहून घ्याव्यात?