मॉन्ट्रियल: आईचे गुडघे आणि मॉं रॉयालचा डोंगर

पेठकर:
नमस्कार मंडळी. आईबाबा पुण्याहून आलेत, नोव्हेंबरात परत जातील. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात टोरांटोहून मॉन्ट्रियलला दोन दिवस जातोय, त्यातला एक मॉं रॉयालसाठी. आईला "ती लाल पानं" बघायचीच आहेत. अडचण एवढीच की आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात आणि बाबांना आपले अजून तिशीतलेच वाटतात. वर कसं न्यावं? डबा चालतो का?

थंडोबा:
कॅनडातला थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड त्याच सुमारास येतो, तो टाळा. नुसती जत्रा असते. पार्किंगला पैसे पडतात, वर जागाही मिळत नाही.

सुगरणबाई:
मी इथे बारा वर्षं राहतेय, त्यामुळे जरा लांबण लावते.

पील रस्त्याच्या टोकाकडून पायऱ्यांनी जाऊ नका. आम्ही गेलो होतो. माझे सासरे, अण्णा, "पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढायचो" म्हणत पुढे झाले. इथल्या पायऱ्या त्याच्या दुपटीहून जास्त आहेत, हे कुणीच आधी मोजलं नव्हतं. अर्ध्यात त्यांनी कठडा धरला आणि "देखावा बघतोय" म्हणाले. समोर फक्त झाडाचं खोड होतं.

मॉं-रॉयाल मेट्रो स्टेशनवर उतरा आणि ११ नंबरची बस पकडा. ती थेट डोंगरावर नेते. मेझों स्मिथ या जुन्या घरापाशी उतरलात की शॅलेपर्यंत (डोंगरावरची विसाव्याची मोठी इमारत) जवळजवळ सपाट रस्ता आहे, आईंच्या चालीने वीसेक मिनिटं. डोंगरावरचं हे उद्यान आखणारा ऑल्मस्टेड न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवालाच. घोडागाडी सहज चढावी म्हणून त्याने मुख्य रस्ता मुद्दाम वळणावळणाचा केला. उद्यान १८७६ साली खुलं झालं. आज त्या वळणांचा फायदा आपल्या गुडघ्यांना.

जा मात्र दुपारी. शॅलेसमोरच्या सज्जावरून शहर आग्नेयेला दिसतं, सकाळी ऊन डोळ्यांवर येतं. तीननंतर ते पाठीशी जातं आणि उंच इमारती, मागची सेंट लॉरेन्स नदी, सगळं उजळतं. या डोंगरमाथ्याहून उंच इमारत बांधायची नाही असा नगररचनेचा नियम आहे. डोंगराची उंची जेमतेम २३३ मीटर, पण मान राखलाय. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वारा बोचायला लागतो. बाबा नको म्हणाले तरी कानटोपी पिशवीत टाकाच.

शॅले १९३२ सालचं. आत बाकं आहेत, स्वच्छतागृह आहे. वर छताच्या तुळयांकडे बघा, लाकडात कोरलेल्या खारी बसल्यात. बाहेर जिवंत खारी आहेत आणि त्या चोर आहेत. डबा खुशाल न्या, पण उघडा ठेवून फोटो काढायला उठू नका. आमचं अर्धं थालीपीठ एका काळ्या खारीने नेलं. ती झाडावर बसून दोन्ही हातांनी धरून कडेकडेने कुरतडत होती, मधला भोकाचा भाग शेवटी. अण्णा म्हणाले, "हिला लोणी द्यायला हवं होतं."

पेठकर:
सुगरणबाई, _/\_ ११ नंबर नक्की. बाबांना पायऱ्यांचा विषयच काढत नाही. इमारतींचा नियम वाचून मात्र ते गप्प झाले, मग म्हणाले, "आपल्याकडे उलटं, आधी टेकडी खाली आणतात."

थंडोबा:
हाताशी वेळ असेल तर बीव्हर लेकही बघा. त्याच बसच्या वाटेवर आहे. तळं खोदलेलं, १९३८ सालचं, पण काठाने चालणं सोपं.

सुगरणबाई:
हो, आणि आई पानं वेचणारच. ओली पानं पिशवीत कोंबली तर दुसऱ्या दिवशी चहाच्या चोथ्यासारखी होतात. वर्तमानपत्राच्या दोन-चार घड्या न्या, जागच्या जागी सपाट दाबून ठेवा. सगळी लाल मिळत नाहीत, हेही आधी सांगून ठेवा. लालभडक असतात ती मेपलची, ओकची तांबूस-तपकिरी. सासूबाईंनी निवडून निवडून नऊ आणली होती, त्यातली तीन ओकची निघाली. अजून बोलून दाखवतात.