मदत हवी आहे: मिग-२१ च्या डिकलखाली चंदेरी झाक

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय. मिग-२१ या लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं मॉडेल करतोय. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलानं हे विमान निवृत्त केलं, तेव्हापासून मनात होतं. ॲक्रिलिक करडा रंग एअरब्रशनं छान बसला. पण पंखावरचं हवाई दलाच्या चक्राचं डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) वाळलं आणि केशरी कड्याबाहेरच्या पारदर्शक पापुद्र्याखाली चंदेरी झाक आली. उजेडात तिरकं धरलं की बारीक बुडबुडेसुद्धा दिसतात.

मॅट रंग खरखरीत, त्यात हवा अडकते, म्हणून डिकलआधी ग्लॉस वार्निश मारायचं, इथपर्यंत ठीक. तेही मारलं होतं. पण मे महिन्यात आमच्याकडं दुपारी पारा ४२ च्या पुढं! वार्निश मॉडेलवर पोचेपर्यंत हवेतच वाळतं आणि पंख पॉलिश पेपरसारखा लागतो. कूलर लावावा तर धूळ येऊन चिकटते. (वर पत्रे आहेत, काय सांगावं.)

अशा उन्हाळ्यात काम करणाऱ्यांनी सांगा: रिटार्डर (रंग-वार्निश हळू वाळावं म्हणून घालायचं द्रव) किती टाकता? की सरळ पहाटे उठून मारता? आणि लागलेल्या चक्राला सुईनं टोचून मायक्रो सॉल (डिकल मऊ करणारं द्रव) सोडलं तर हवा निघेल का? टेपनं उपटायला जीव होत नाही, जादा डिकल शीट नाही.

अजून एक. बोअरचं पाणी क्षाराचं, डिकलभोवती पांढरे डाग राहतात. आरओचं चालेल, की बॅटरीचं डिस्टिल्डच आणू?